पिशवींतली माती

रोप विकत घेतांना पानें पाहावींत, मुळें पाहण्याची चाल आमच्या घराण्यांत तरी नव्हती. लातुराहून नांदेडास येतांना वाटेवरच्या एका रोपवाटिकेंतून आम्हीं मोसंबीचीं साठ कलमें घेतलीं. कलमें हिरवींगार, भावही माफक. नांदेडजवळच्या वडिलार्जित रानांत मोसंबी लावावी ही तीर्थरूपांची जुनी हौस. आषाढांत लावणी झाली; मातोश्रींनीं पहिल्या कलमास हळदकुंकूही वाहिलें.

पुढल्या वर्षीं श्रावणांत पानांच्या शिरा पिवळ्या पडूं लागल्या. अन्न कमी पडत असावें, असें आमचें निदान! खत दिलें, पाणी वाढविलें. म्हणजे चोराच्या हातीं जामदारखान्याच्या किल्ल्याच दिल्या. शेवटीं परभणीच्या कृषि विद्यापीठांत शिकलेल्या भाच्यानें एक कलम उपटून दाखविलें. बारीक मुळाची साल चिमटींत धरतांच मोज्यासारखी निघून आली आणि आंत नुसता दोरा राहिला.

हा फायटोफ्थोरा. १८७६ सालीं डी बारी या जर्मन शास्त्रज्ञानें ग्रीक शब्द जुळवून हें नांव ठेविलें, अर्थ 'वनस्पतिनाशक'. १८४५ पासून आयर्लंडांत बटाटा कुजून जो भयंकर दुष्काळ पडला, तो याच्याच एका भाऊबंदाचा प्रताप. दिसावयास बुरशी, परंतु कूळ समुद्रांतील तपकिरी शेवाळाच्या जवळचें. याच्या बीजाणूंस दोन दोन शेपट्या असतात व साचल्या पाण्यांत पोहत ते कोंवळ्या मुळांशीं पोंचतात. काळी चिकण माती, तुडुंब पाणी आणि लवकर बळी पडणारा जंबेरीचा खुंट (रंगपुरी लिंबाचा त्या मानानें काटक), यापरतें त्यास आणखी काय हवें?

रोपवाटिकेच्या मालकाशीं भांडावयास आम्ही निघालोंच होतों. भाचा म्हणाला, "मामा, उन्हाळ्यांत माती ओली करून प्लास्टिकखालीं तापविली असती, तर दोष पुष्कळ कमी झाला असता, हें खरें. पण तुम्हीं तरी एखादी पिशवी फोडून पाहिलीत का?" आम्ही चपला काढून पुन्हा ओसरीवर बसलों. रोग आम्हींच, टेंपोचें भाडें भरून, घरीं आणला होता.

बुंध्यांस मोरचूद-चुन्याचें बोर्डो मलम लावलें. सतरा कलमें वांचलीं. मेलेलीं उपटून जाळलीं. पण माती कशी जाळावी? या जिवाचे जाड कवचाचे बीजाणु तींत वर्षानुवर्षें पडून राहतात. तीर्थरूप अजून रोज सकाळीं बांधावर जातात आणि परत आल्यावर विचारतात, "त्या खड्ड्यांत पुन्हा केव्हां लावायचीं?" आम्हीं अद्याप उत्तर दिलेलें नाहीं.