एकेकानें बोला

गेल्या सुटींत गच्चीवरील मोठ्या डिशचे दोन एलएनबी, एक उभ्या लहरींचा व एक आडव्या लहरींचा, आम्हां भावंडांस एकाच रिसीव्हरला जोडावयाचे होते. आजोबा कीर्तनाची वाट पाहात बसले होते. उतावळेपणानें आम्हीं दोन्ही तारा साध्या जोडानें एकत्र केल्या. चित्र कांहीं धड येईना! दोष कोणाचा, म्हणून आम्ही सारीं एकदम ओरडूं लागलों. आजोबा म्हणाले, "अरे, एकेकानें बोला!"

तारांचेंही तेंच होत होतें. दोहोंचे संदेश ९५० ते १४५० मेगाहर्ट्झ या एकाच पट्ट्यांत येऊन मिसळत होते. मग आम्हीं मध्यें स्विच बसविला. रिसीव्हरनें १३ व्होल्ट दिले कीं तो उभ्या लहरींस वाट देतो, १८ दिले कीं आडव्या लहरींस. कीर्तन सुरू झालें, आणि आम्ही गुमान ऐकत बसलों.