आधी तपास, मग निकाल

नवीन असेंबल केलेला कॉम्प्युटर बंद आहे असं सांगत माणसं दुकानात येतात, तेव्हा तो बहुतेक वेळा बंद नसतो. पंखे फिरत असतात, कॅबिनेटमधले रंगीत दिवे लागलेले असतात, फक्त समोरचा मॉनिटर काळा असतो. बारडोलीच्या बाजारात गिऱ्हाईक म्हणतं, 'डिस्प्ले नथी आवतो.' नवापूर-नंदुरबारकडचा माणूस म्हणतो, 'भाऊ, सगळं चालू आहे, पण दिसत काहीच नाही.' सांगण्याची तऱ्हा वेगळी, काळजी एकच. घरात मोठा खर्च झालेला असतो आणि त्या खर्चाचं फळ दिसत नसतं.

बारडोलीत दोन्ही भाषा ऐकू येतात त्याला कारण आहे. उधन्याहून निघालेली तापीकाठची रेल्वे बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर, नंदुरबार करत जळगावला पोचते आणि धुळ्याचा महामार्गही इथूनच जातो. ऊसतोडीला, साखर कारखान्यात, कडोदऱ्याच्या कापड गिरण्यांत खानदेशातली माणसं कितीतरी वर्षं येत राहिली. त्यांची मुलं आज व्हिडिओ एडिटिंग शिकतात, सुरतेच्या साड्यांची डिझाइनं कॉम्प्युटरवर काढतात, लग्नांचे अल्बम बनवतात. लॅपटॉप अशा कामाला अपुरा पडतो आणि तयार मशीन महाग पडतं. मग भाग एकेक करून जमवले जातात. प्रोसेसर एका दुकानातून, बोर्ड दुसरीकडून, ग्राफिक कार्ड कुरियरने. घरी जमिनीवर चादर अंथरून, मोबाइलवर व्हिडिओ बघत मुलगा ते जोडतो, बटण दाबतो आणि पडदा काळाच राहतो.

त्या काळ्या पडद्यावर माझी बरीच वर्षं गेली आहेत. जुन्या मशीनची दुरुस्ती आणि नव्या मशीनचा डिस्प्ले आणणं ही दोन वेगळी कामं आहेत, असं माझं ठाम मत त्यातून झालं. जुन्या मशीनला कालचा दिवस असतो. काल चालत होतं, आज चालत नाही. म्हणजे मध्ये काहीतरी बदललं. त्यामुळे चौकशी सोपी होते: वीज गेली होती का, कुणी उघडलं होतं का, पावसाचा दमटपणा शिरला का. दक्षिण गुजरातच्या पावसाळ्यात रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर पापुद्रा धरतो, म्हणून रॅम काढून खोडरबरने घासायची पद्धत इथल्या प्रत्येक मेकॅनिकच्या हातात बसली आहे. जुन्या मशीनला ती लागूही पडते. नव्या मशीनला कालचा दिवस नसतो. ते कधी चाललेलंच नाही. त्यातला कोणताही भाग, कोणतीही जोडणी अजून सिद्ध झालेली नाही. तिथे रबर फिरवणं ही सवय झाली, तो तपास नव्हे.

तपास करायचा तर बटण दाबल्यावर आत काय क्रमाने घडतं हे माहीत हवं. आधी वीज पुरवणारा डबा, म्हणजे एसएमपीएस, आपले व्होल्टेज स्थिर झाल्याचा इशारा बोर्डाला देतो. मग प्रोसेसर जागा होऊन बायोसच्या चिपमधल्या सूचना वाचू लागतो. त्यानंतर रॅमची ओळख पटते, मग ग्राफिकची, आणि तेव्हा कुठे पडद्यावर पहिलं चित्र येतं. १९८१ साली आयबीएमचा पीसी बाजारात आला, तेव्हापासून सुरू होतानाची ही स्वतःची तपासणी पीसीत आहे. तंत्र कितीही बदललं तरी प्रोसेसर, रॅम, ग्राफिक हा ओघ टिकून आहे. म्हणून दिवे लागले, पंखे फिरले, याचा अर्थ वीज पोचली, एवढाच. गाडी या ओघात कुठेतरी अडली आहे आणि ती कुठे अडली हे शोधायचं आहे. बऱ्याच बोर्डांवर आता सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असे चार बारीक दिवे असतात. जो लागून राहतो, तिथे अडलं. स्वस्त बोर्डावर ते नसतील तर छोटा स्पीकर लावून बीप ऐकायची आणि बोर्डाच्या पुस्तिकेत तिचा अर्थ बघायचा. पुस्तिका फेकून देऊ नका असं मी प्रत्येकाला सांगतो, ते याचसाठी.

कॅबिनेट उघडण्याआधी मी बाहेरचं सगळं बघतो. मॉनिटर योग्य इनपुटवर आहे का? केबल डिस्प्लेपोर्टला आणि मॉनिटर एचडीएमआयवर, असं असलं तर चांगलं मशीनही आंधळं दिसतं. मग केबल कुठे लावली आहे ते बघायचं. ग्राफिक कार्ड बसवलेलं असताना केबल बोर्डाच्या पोर्टात खोचलेली असणं हे फार नेहमीचं आहे. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' असतो, त्यांत स्वतःचं ग्राफिक चालू नसतं. एएमडीच्या रायझन ५ ५६०० मध्येही ते नाही. तिथे बोर्डाच्या पोर्टातून चित्र येणं शक्यच नाही. एका मुलीचं मशीन असंच आलं होतं. तिने दोन दिवस सगळं तीनतीनदा खोललं होतं. केबल दोन इंच खाली, कार्डाच्या पोर्टात लावली आणि चित्र आलं. तिला मी एवढंच सांगितलं, की तुझी जोडणी सुबक होती आणि हा दोष हाताचा नव्हता, माहितीचा होता. शिकणाऱ्याला हा फरक सांगणं मला गरजेचं वाटतं, नाहीतर तो स्वतःच्या हातांवरचाच विश्वास गमावतो.

आत पहिली नजर विजेच्या जोडण्यांवर. चोवीस पिनांचा मोठा कनेक्टर बहुतेकांनी लावलेला असतो. प्रोसेसरसाठीचा आठ पिनांचा कनेक्टर बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात असतो आणि कूलर बसल्यावर तिथे बोटं पोचत नाहीत, म्हणून तो राहून जातो. ग्राफिक कार्डाचा कनेक्टरही आठ पिनांचा असतो, पण प्रोसेसरचा चार अधिक चार आणि कार्डाचा सहा अधिक दोन असा फुटतो. साचे मुद्दाम वेगळे आहेत. जोर लावायची वेळ आली की समजावं, चुकीच्या जागी चाललोय. दुसऱ्या एसएमपीएसची सुटी केबल उचलून या एसएमपीएसला कधीच लावू नये. बोर्डाकडचं टोक सारखं असलं तरी एसएमपीएसकडच्या पिनांचा क्रम कंपनीप्रमाणे बदलतो आणि भाग जळू शकतात. बारा व्होल्टची रेषा मी मल्टिमीटरवर बघतो. पाच टक्क्यांची मुभा धरून ११.४ ते १२.६ च्या आत आकडा असला की पुढे जायचं.

त्यानंतर रॅम. चार खाचांच्या बोर्डावर दोन पट्ट्या बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसतात. पट्टी बसल्याचा टक् असा आवाज यायला हवा. मी एकच पट्टी ठेवून सुरुवात करतो आणि मग वाट बघतो. डीडीआर५ रॅमच्या मशीनवर पहिल्यांदा चालू करताना बोर्ड रॅमशी वेगाचा आणि वेळेचा मेळ बसवतो. त्यात काही मिनिटं जातात आणि तोवर पडदा काळाच असतो. कितीतरी जण अर्ध्या मिनिटात घाबरून बटण बंद करतात, पुन्हा चालू करतात, पुन्हा बंद. त्यामुळे तो मेळ कधी पुराच होत नाही. अशा मशीनसाठी गिऱ्हाइकाला समोरच्या बाकावर बसवून चहा मागवायचा, हीच दुरुस्ती असते.

तरीही प्रोसेसरचा दिवा जात नसेल तर बायोसची शंका घ्यायची. इंटेलच्या ६०० मालिकेच्या बोर्डाचं आणि तेराव्या पिढीच्या प्रोसेसरचं सॉकेट एकच आहे, प्रोसेसर नीट बसतोही. पण तो बाजारात यायच्या आधीचं बायोस बोर्डात असेल तर ते त्याला ओळखत नाही. काही बोर्डांवर प्रोसेसरशिवायही, नुसत्या पेनड्राइव्हने बायोस बदलायची सोय असते. ती नसेल तर जुन्या पिढीचा प्रोसेसर तात्पुरता बसवून ते काम करावं लागतं, म्हणून मी एक जुना प्रोसेसर कपाटात जपून ठेवलाय. यातला कोणताच भाग खराब नसतो.

सगळं बघून झालं आणि तरी अंधार असला, की बोर्ड कॅबिनेटबाहेर काढायचा. नंदुरबार जिल्ह्यातून आलेले, गिरणीत काम करणारे एक काका आणि त्यांचा मुलगा यांचं मशीन मला आठवतं. एका ठिकाणी त्यांना 'बोर्ड गेला, नवीन घ्या' असं सांगण्यात आलं होतं. काकांनी विचारलं, 'भाऊ, न चालताच कसा गेला?' प्रश्न रास्त होता. मी बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला. त्यावर प्रोसेसर, कूलर, रॅमची एक पट्टी, ग्राफिक कार्ड आणि एसएमपीएस, एवढंच. हार्ड डिस्क नाही, पुढची बटणं नाहीत, यूएसबी नाही. चालू करायच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं. डिस्प्ले आला. बोर्ड निर्दोष होता. मग कॅबिनेटमध्ये बॅटरी मारून पाहिलं. बोर्ड ज्या पितळी खुंट्यांवर बसतो त्यातली एक खुंटी अशा जागी होती जिथे या बोर्डाला भोकच नव्हतं. ती बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट करत होती. खुंटी काढली, बोर्ड बसवला, मशीन चालू. नवीन बोर्डाचे पैसे वाचले. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, नवा बोर्डही त्याच खुंटीवर बसला असता आणि तोही 'गेला' असता.

बारडोलीत १९२८ चा सत्याग्रह कुणाला सांगावा लागत नाही. स्वराज आश्रम गावातच आहे आणि वल्लभभाई इथूनच सरदार झाले. मला मात्र त्या लढ्यानंतरची गोष्ट आपल्या कामाच्या फार जवळची वाटते. मुंबई सरकारने तालुक्याचा शेतसारा सुमारे २२ टक्क्यांनी वाढवला होता. त्यामागे अधिकाऱ्यांचे अहवाल होते, आकडे होते, कोष्टकं होती. सत्याग्रहानंतर ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल या दोन अधिकाऱ्यांची चौकशी समिती बसली. हेच ब्रूमफील्ड १९२२ मध्ये गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा देणारे न्यायाधीश होते, त्यामुळे ते शेतकऱ्यांच्या बाजूचे म्हणून कुणी बोट दाखवू शकलं नसतं. समिती गावोगाव फिरली, शेतकऱ्यांना विचारलं, खंडाच्या आकड्यांमागचे व्यवहार तपासले. ज्या आकड्यांवर वाढ उभी होती त्यांची गावात जाऊन पुरेशी पडताळणी झालेली नव्हती, असं त्यांना आढळलं. त्यांच्या हिशेबाने वाढ निघाली ६.०३ टक्के. जमीन तीच, शेतकरी तेच, सरकारही तेच. जागेवर जाऊन बघितल्यामुळे एवढा फरक पडला.

माझं काम त्या लढ्यापुढे काहीच नाही, पण त्यातली शिस्त मला लागू आहे. न तपासता दिलेल्या निकालाचा भुर्दंड तिथे शेतकऱ्यावर पडत होता, इथे तो गिऱ्हाइकावर पडतो. 'बोर्ड गेला' हे वाक्य बोलायला सोपं आहे, कारण समोरचा माणूस ते पडताळू शकत नाही. म्हणूनच ते शेवटी बोलायचं, आणि पुरावा दाखवून बोलायचं. एका वेळी एकच भाग बदलायचा. दोन एकदम बदलले आणि डिस्प्ले आला तर दोष कशात होता हे कळत नाही, आणि गिऱ्हाइकाला दोन्हींचे पैसे पडतात. संशयाचा भाग दुसऱ्या चालत्या मशीनवर लावून बघायचा आणि चालता भाग या मशीनवर. दोन्हीकडून एकच उत्तर आलं तर निकाल पक्का.

भाग खरोखर खराब निघतात, तेही सांगायला हवं. एलजीए १७०० सॉकेटमध्ये १७०० नाजूक पिना असतात. प्रोसेसर तिरका टेकला, किंवा सॉकेटवर बोट लागलं, तरी एखादी वाकते. तिरप्या उजेडात भिंगाने बघितलं की ओळीतली वाकलेली पिन लगेच कळते. म्हणून बोर्ड हातात घेताच, मालकाच्या समोर, सॉकेटचा फोटो काढायची माझी रीत आहे. त्याने मालकही सुरक्षित राहतो आणि मीही. वॉरंटीच्या वेळी तो फोटो उपयोगी पडतो.

या कामात हुशारीपेक्षा क्रम मोठा आहे, असं मी शिकायला येणाऱ्या पोरांना सांगतो. बाहेरून आत जा. वीज, रॅम, बायोस, मग उघडा बोर्ड. जे सिद्ध झालं ते वहीत लिहा आणि त्यावर पुन्हा शंका घेऊ नका. जे सिद्ध झालं नाही त्यावर भरवसा ठेवू नका. दोष लवकर सापडावा म्हणून अंदाज करायला हरकत नाही, पण अंदाजाचं बिल बनवू नका.

आणि वाचकांना एक विनंती. तुमच्या घरी असं नवीन मशीन जोडलं गेलं आणि पडदा काळा राहिला, तर घाबरून भाग परत पाठवू नका. आधी केबल, मॉनिटरचं इनपुट आणि प्रोसेसरची वीज बघा, रॅमची एकच पट्टी ठेवा, दहा मिनिटं थांबा. तरी नाही जमलं तर सगळी खोकी, पुस्तिका आणि बिलं घेऊन मेकॅनिककडे जा आणि त्याच्या शेजारी उभे राहा. कुणी 'हा भाग गेला' म्हटलं तर रागावू नका, शांतपणे म्हणा, 'मला दाखवा.' चांगला मेकॅनिक आनंदाने दाखवेल. जो दाखवणार नाही, त्याच्याकडे मशीन ठेवू नका.