वेठीतून विसाव्याकडे

मोशेच्या नियमशास्त्रात दहा आज्ञा दोनदा आल्या आहेत, आणि शब्बाथ पाळण्याची आज्ञा दोन्ही ठिकाणी असली तरी तिच्यामागे दिलेले कारण मात्र एक नाही, ही गोष्ट धर्मशास्त्राच्या वर्गात विद्यार्थ्यांच्या नजरेस आणून देताना मला अजूनही विशेष आनंद होतो. निर्गमाच्या ग्रंथात सांगितले आहे की, परमेश्वराने सहा दिवसांत सृष्टी उत्पन्न करून सातव्या दिवशी विसावा घेतला, म्हणून मनुष्यानेही तो घ्यावा. अनुवादाच्या ग्रंथात या आज्ञेला सृष्टीचा आधार दिलेला नाही. तेथे इस्राएलाला एवढीच आठवण करून दिली आहे की, मिसर देशात तू दास होतास व तेथून तुला बाहेर काढले आहे. सबब तुझा पुत्र, तुझी कन्या, दास, दासी, बैल, गाढव आणि तुझ्या वेशीच्या आत राहणारा परका या सर्वांना त्या दिवशी तुझ्याइतकीच मोकळीक असू दे.

या दुसऱ्या कारणाचे महत्त्व ज्याला कळावयाचे असेल त्याने फारोच्या वीटभट्टीचे वर्णन वाचावे. विटांच्या मातीत मिसळण्यासाठी सरकारातून मिळणारे तूस एके दिवशी बंद होते, मजुरांनी ते रानोमाळ हिंडून स्वतः गोळा करावे असा हुकूम सुटतो, विटांची रोजची नेमणूक मात्र एका विटेनेही कमी होत नाही. आणि ती भरली नाही म्हणून मार बसतो तो इस्राएलांपैकीच नेमलेल्या नाईकांच्या पाठीवर. ‘तुम्ही आळशी आहात, म्हणूनच तुम्हांला देवाची आठवण होते’, असा फारोचा एकंदर अभिप्राय! ज्या प्रजेने हा अंमल सोसला तिच्या धर्मात विसावा हा श्रमाचा मोबदला म्हणून आलेला नाही. आपण आता कोणाच्या वेठीस धरलेले नाही, याची ती दर आठवड्याची साक्ष आहे. माझ्या मते ख्रिस्ती विचारातील स्वातंत्र्य आणि विश्रांती यांचे नाते येथेच उगम पावते.

पुढे या साक्षीचेच जोखड झाले, हे आमच्या धर्माच्या इतिहासकाराला नाकारता येणार नाही. सन ३२१ मध्ये कॉन्स्टंटाइन बादशहाने फर्मान काढून नगरवासीयांना व न्यायाधीशांना रविवारी काम मना केले. शेतकऱ्यांना मात्र त्यातून वगळले, कारण पेरणीचा हंगाम फर्मानाची वाट पाहत नाही, एवढे व्यवहारज्ञान त्या बादशहाला होते. सतराव्या शतकातील इंग्लंडच्या प्युरिटनांनी तर हा दिवस इतका कडक केला की, त्या दिवशी खेळणे हासुद्धा गुन्हा ठरू लागला. (आपल्या मुंबईत १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळवून दिली ती मात्र चर्चसाठी नव्हे, हाडे मोडेपर्यंत राबणाऱ्या माणसांसाठी. अनुवादाच्या ग्रंथकर्त्याच्या आत्म्याला ती अधिक मानवली असती असे मला वाटते.)

परंतु मजुराला सुटी मिळाली म्हणून त्याच्या अंतःकरणातील मुकादम रजेवर जातोच असे नाही. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौलाचा सारा आवेश याच मुकादमाविरुद्ध आहे, आणि १५२० साली ‘ख्रिस्ती मनुष्याचे स्वातंत्र्य’ या पुस्तिकेत मार्टिन ल्यूथरने मांडलेला सिद्धान्तही तोच: विश्वासाने मनुष्य कोणाचाही अंकित राहत नाही, आणि प्रीतीने तो सर्वांचा सेवक होतो. पुण्याचा जमाखर्च सावकाराच्या वहीसारखा असतो. कितीही भरणा केला तरी व्याजच फिटते, मुद्दल हलत नाही. ती वहीच मिटली गेल्याचे वर्तमान म्हणजे शुभवर्तमान, असे ल्यूथरचे म्हणणे थोडक्यात सांगता येईल.

हा सिद्धान्त एखाद्या चरित्रात उतरलेला पाहावयाचा असेल, तर आपल्याला जर्मनीला जाण्याचे प्रयोजन नाही. पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी कुटुंबासह तीर्थयात्रा करीत उभा देश पायी पालथा घातला, दुष्काळाच्या दिवसांत जवळचे द्रव्य दानधर्मात व अनुष्ठानांत वेचले, आणि अखेर ते, त्यांची पत्नी व थोरली कन्या ही तिघेही त्याच विपत्तीत निवर्तली. या हिशेबाला विटलेली त्यांची विधवा कन्या रमाबाई इंग्लंडला गेली व १८८३ साली वाँटेज येथे तिने बाप्तिस्मा घेतला. येथपर्यंतची कथा मिशनऱ्यांच्या अहवालांत आनंदाने सांगितली जाते. माझ्या दृष्टीने खरा रस पुढे आहे.

वाँटेजच्या मठातील भगिनी जेराल्डिन यांना रमाबाई आपल्या धर्ममाता मानीत, तथापि ख्रिस्ताचे देवत्व, त्रैक्य यांसारख्या विषयांवर चर्चचे मत निमूटपणे मान्य करण्यास त्यांनी साफ नकार दिला. एका पुरोहितवर्गाच्या अंमलातून मी मोठ्या प्रयासाने सुटले आहे, तेव्हा दुसऱ्याच्या जोखडाखाली मान देण्याची माझी तयारी नाही, अशा आशयाचे त्यांचे १८८५ सालचे उत्तर आहे. क्रुसावरील लॅटिन अक्षरांविषयी तर त्यांनी विचारले की, आमच्या संस्कृतापेक्षा या भाषेत अधिक काय आहे, की ब्राह्मणांना जशी संस्कृत तशी तुम्हांला ही देववाणी वाटते? अशा प्रश्नाला उत्तर देणे कोणत्याही धर्मपीठाला जडच जाईल.

स्वातंत्र्य होते, विसावा नव्हता. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, असे रमाबाईंनी पुढे स्वतःच्या साक्षीत लिहून ठेवले आहे. हॅस्लम नावाच्या एका इंग्लिश पाद्र्याच्या आत्मकथेने त्यांचे डोळे उघडले; कारण वर्षानुवर्षे धर्मोपदेश करूनही आपण आतून रिकामेच होतो, असा अनुभव त्या पाद्र्यानेही नमूद केला होता. आपण कमवावयाचे काही उरलेलेच नाही, हे उमगल्यावर रमाबाईंना स्वास्थ्य लाभले.

आणि गंमत अशी की, काम कमी झाले नाही, अनेक पटींनी वाढले. १८९३ मध्ये शारदासदन या त्यांनी काढलेल्या विधवांच्या शाळेवरून वादळ उठले, रानडे व भांडारकर यांच्यासारख्या थोर सल्लागारांनी संबंध सोडला, तरीही बाई डगमगल्या नाहीत. दुष्काळाच्या वर्षांत त्यांनी शेकडो अनाथ मुली केडगावला आणल्या. तेथे शेती झाली, छापखाना झाला, आणि आश्रमातल्या स्त्रियाच खिळे जुळवू लागल्या. हिब्रू व ग्रीक शिकून बायबलाचे सोप्या मराठीत भाषांतर करण्याचा उद्योग त्यांनी उतारवयात केला. १९२२ साली त्या गेल्या, ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. देवाच्या लोकांसाठी एक विसावा अद्याप राखलेला आहे, असे इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे. तो हातावर हात ठेवून स्वस्थ बसण्याचा विसावा खास नव्हे.

रमाबाईंचा हा पत्रव्यवहार १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने मूळ इंग्रजीत प्रसिद्ध केला आहे. जुन्या ग्रंथालयात तो हाती लागला, तर वाचकांनी इतर पाने बाजूस ठेवून प्रथम १८८५ सालची पत्रे वाचावीत.