धामतीरावरील परंधाम

वर्ध्याहून नागपूरच्या वाटेने सुमारे आठ किलोमीटर गेले म्हणजे धाम नदीचा पूल लागतो. एका तीरावर पवनार गाव, तर दुसऱ्या तीरावरील उंचवट्यावर विनोबांचा परंधाम आश्रम. आमचे सारे आयुष्य याच जिल्ह्यात मुलांकडून शब्दरूपे घोकवून घेण्यात गेले. तरी ही पायरी चढण्याचा योग सेवानिवृत्तीनंतरच आला, हे सांगावयास संकोच वाटतो. गेल्या माघात सौभाग्यवतींसह गेलो. निमित्त निराळेच होते. वडिलोपार्जित तीन एकर वावर आम्ही वर्षानुवर्षे बटाईने दिलेले. ते विकून टाकावे, असा पुण्यास असलेल्या चिरंजीवांचा आग्रह. तेव्हा म्हटले, जमिनीवर जगणारी माणसे एकदा पाहून तरी यावीत.

सन 1938 मध्ये विनोबा येथे आले तेव्हा प्रकृती खंगून त्यांचे वजन 88 पौंडांवर उतरले होते. उपाय म्हणून त्यांनी खणण्यास प्रारंभ केला. प्रथम थोडी मिनिटे, पुढे अधिकाधिक. खणता खणता प्राचीन शिल्पे वर आली. त्यांतील भरतभेटीचे शिल्प आजही आश्रमात आहे. धुळ्याच्या तुरुंगात 1932 साली दिलेल्या गीताप्रवचनांत त्यांनी याच भेटीच्या चित्राची कल्पना बोलून दाखविली होती! वाकाटकांचे प्रवरपूर ते हेच पवनार, असे वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादिले आहे. तेव्हा या मातीत शिल्पे सापडावीत यात नवल नाही. नवल आम्हांस वाटले ते हे की, उपनिषदांत रमणाऱ्या ब्राह्मणाच्या हाती ती कुदळीने लागली.

पुढे 1950 साली येथे कांचनमुक्तीचा प्रयोग झाला. पैशाचा आश्रय सोडावयाचा, बैल न जुंपता शेती करावयाची, रहाट माणसांनीच फिरवावयाचा. 1959 पासून हे स्त्रियांचे ब्रह्मविद्यामंदिर आहे. स्वयंपाक, भाजीपाला, झाडलोट सर्व भगिनी स्वतःच करतात आणि निर्णय सर्वानुमतीने घेतात. प्रार्थनेत ईशावास्य चाले, उच्चार निर्दोष. ज्यांनी आम्हांस संथा दिली त्या शास्त्रीबोवांस हे रुचले नसते; आम्हांस मात्र आमच्याच उच्चारांची शंका येऊ लागली.

एक वृद्ध भगिनी वाफ्यात निंदत होत्या. आम्ही विचारले, "ताई, या वयात एवढे कष्ट?" त्या हसल्या व तुरीच्या शेंगांचे सूप आमच्यापुढे सरकवून म्हणाल्या, "गुरुजी, बसल्या बसल्या एवढे सोलून होईल ना?" झाले! सौभाग्यवतींचा ढीग वाढत होता आणि आमची नखे दुखत होती. तीन एकरांचे मालक, पण शेंग सोलावयास आज शिकत होतो.

घरी येताच बटाईदारास सांगून विहिरीलगतची दोन गुंठे जागा मागून घेतली. पहिल्या घावासच कुदळ दगडावर आदळावी तशी उसळली व तळहातास फोड आला. तो म्हणाला, "गुरुजी, काळी माती हाये. आधी पाणी सोडा, मंग खणा." तीस वर्षे आमचे वावर कसणाऱ्यास आम्ही हे कधी विचारले नव्हते.

चिरंजीवांस पत्र धाडले आहे : विक्रीचे दिवाळीनंतर पाहू. तूर्त मेथी उगवली आहे, धने अद्याप वर आलेले नाहीत.