दोरा आणि घड्याळ

शाळेतल्या पृथ्वीगोलावर मी मुलांना शिवणाचा दोरा ताणायला लावतो. एक टोक दिल्लीवर, दुसरे सॅनफ्रान्सिस्कोवर. दोरा सरळ अमेरिकेकडे जाईल अशी पोरांची समजूत. तो उत्तर ध्रुवाला खेटून निघतो, आणि वर्गात एकदम 'अरेच्चा!' होते. हे अंतर साधारण 12,300 किलोमीटर. भिंतीवरचा नकाशा बिचारा सपाट. त्याने खोटे बोलू नये तर काय करावे!

पण विमाने काही दोऱ्यावरून जात नाहीत. एअर इंडियाचे दिल्लीहून तिकडे जाणारे विमान पूर्वी अटलांटिकवरून सुमारे 13,900 किलोमीटर जाई. 2016 च्या ऑक्टोबरात ते पूर्वेला, पॅसिफिकवरून वळवले. वाट वाढून 15,300 किलोमीटर झाली, आणि प्रवास मात्र सुमारे साडेचौदा तासांत उरकला. जवळजवळ दोन तासांची बचत! एवढ्या उंचीवर वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. पूर्वी ते तोंडावर येत, आता पाठीशी लागले. वैनगंगेच्या नावाड्याला हे समजावून सांगावे लागणार नाही.

आमच्या शेजारच्या काकूंना मात्र किलोमीटरशी कर्तव्य नव्हते. 2018 च्या श्रावणात काका आजारी पडले. मुलगा कॅलिफोर्नियात. "एवढ्यात धोका नाही" असे डॉक्टर म्हणत, आणि त्यातला 'एवढ्यात' काकूंना झोपू देत नव्हता. एका संध्याकाळी त्या पाटीपेन्सिल घ्यावी तशी माझी वही पुढे ओढून म्हणाल्या, "मास्तर, त्याच्या दारापासून माझ्या दारापर्यंत किती तास, ते मांडा."

मांडले. घर ते विमानतळ एक, तिथे आधी तीन, दिल्लीपर्यंत सोळा, दिल्लीत ताटकळणे पाच, नागपूरपर्यंत पावणेदोन, पुढे भंडाऱ्याचे साठ-बासष्ट किलोमीटर, म्हणजे दीड. सव्वाअठ्ठावीस. त्यात रजा आणि तिकीट मिळायचे दिवस धरलेलेच नव्हते. (1949 साली रात्रीच्या टपालाची विमाने चारी महानगरांतून निघून मध्यरात्री नागपुरात भेटत आणि थैल्या बदलून परतत. पत्रे तेव्हाही माणसांपेक्षा लवकर पोचत.)

काकूंनी आकड्याकडे बराच वेळ पाहिले. "आपल्याकडे मढं एवढं थांबवतात का हो?" त्यांनी विचारले. मी काही बोललो नाही.

तिकडे तेव्हा सकाळचे साडेसहा वाजत होते. आपण साडेबारा तास पुढे. काकूंनी तिथूनच फोन लावला. रडल्या नाहीत. "तेरवीला धावत येण्यापेक्षा आत्ता ये. बाप अजून दोन घास खातो आहे, त्याच्या पंगतीला बस."

तो पाचव्या दिवशी आला. दुपारभर मेल्यासारखा झोपला. काका उशाशी खुर्ची घेऊन बसले होते. ताट वाढू का विचारले, की "उठू दे त्याला" म्हणत होते.