तीस तासांमागे एक तास

१३ जानेवारी २०२५, एडिसन
फ्लूची साथ जोरात आहे. एका किराणा दुकानाची हजेरी पगाराच्या हिशेबासाठी आली. मिठाईच्या काउंटरवरच्या मावशी आठवड्याला २० तास काम करतात. त्यांच्या नावापुढे सिक लीव्ह शून्य. मालक आपल्याकडचेच. म्हणाले, "ताई, त्या पार्ट टाइम आहेत आणि आपलं दुकान ते केवढं!" न्यू जर्सीचा कायदा २९ ऑक्टोबर २०१८ पासून लागू आहे आणि दुकान लहान म्हणून त्यातून सुटका नाही. ३० तास काम केलं की एक तास भरपगारी रजा, वर्षाला ४० तासांपर्यंत. २० तासांचा आठवडा वर्षभर भरला तर ३४ तास होतात. ही मेहेरबानी नव्हे, मावशींनी कमावलेले पैसे आहेत.

१४ जानेवारी
मालकांचा फोन: मागच्या नोंदी नसतील तर? त्या पाच वर्षं जपायच्या असतात. नसल्या, तर रजा दिलीच नाही असं कायदा धरून चालतो. बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "करा हिशेब."

१७ जानेवारी
मावशी मागच्या आठवड्यात अंगात ताप असताना बर्फीची खोकी भरत होत्या. "घरी बसले तर भाडं कशातून देऊ?" गिऱ्हाइकांच्या घरी काय काय गेलं असेल!
खाजगी नोकऱ्यांसाठी देशभर लागू असा भरपगारी आजारी रजेचा कायदाच अमेरिकेत नाही. १९९३ चा फॅमिली अँड मेडिकल लीव्ह ॲक्ट नोकरी राखतो, पगार देत नाही. पन्नासाहून कमी माणसांच्या खाजगी धंद्याला तोही लागू नाही. म्हणून राज्यागणिक नियम. कनेटिकटने २०११ मध्ये सुरुवात केली. डेलावेअर नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियात गेलं की राज्याचा कायदा नाही, फिलाडेल्फिया शहराचा स्वतःचा आहे. तापाला नदी आडवी येत नाही, हक्काला येते. हे मला मुळीच पटत नाही.

२२ जानेवारी
एका रेस्टॉरंटचा मॅनेजर आजारी आचाऱ्याला म्हणाला, आधी बदली माणूस शोध, मग घरी जा. अशी अट घालताच येत नाही. डॉक्टरची चिठ्ठीसुद्धा सहसा सलग तीन किंवा जास्त दिवसांच्या रजेसाठीच मागता येते. रजेच्या हक्काबद्दल तक्रार केल्यावर ९० दिवसांच्या आत तास कापले तर तो सूड मानला जातो. तसा नव्हता हे मालकाने दाखवायचं. सगळं रेस्टॉरंटच्या मालकाला लिहून पाठवलं. आचाऱ्याला तोंडी सांगितलं, कारण भिंतीवरची हक्कांची सूचना भट्टीपाशी उभं राहून कोण वाचतं?

३१ जानेवारी
कॅलिफोर्नियात शिल्लक रजा पगाराच्या स्लिपवर किंवा सोबतच्या कागदावर दाखवावीच लागते. तीच रीत मी माझ्या सगळ्या ग्राहकांना लावली. समोर आकडा दिसला की माणूस मागतो.
मावशींचा आज फोन आला: मुलीच्या शाळेतून बोलावणं आहे, ते तास वापरता येतील का? येतात. मालकांना आजच कळवायला सांगितलं.