सत्तावन्न, रू द वारेन

मेट्रोच्या 'वारेन' स्थानकातून वर आलो तेव्हा सकाळचे आठच वाजले होते, तरी रांगेचं शेपूट पार कोपऱ्यापर्यंत गेलेलं. सप्टेंबरमधला वारसा-दिनांचा शनिवार. 1984 पासून फ्रान्समध्ये या दिवसांत एरवी बंद असलेल्या सरकारी वास्तू लोकांना आतून बघता येतात. पॅरिसमध्ये शिकणाऱ्या भाचीने आदल्या रात्रीच बजावलं होतं, "मामा, पासपोर्ट विसरू नकोस. आणि तिथे जाऊन चहा मागू नकोस हं. 'ओतेल मातिन्याँ' म्हणजे हॉटेल नव्हे, वाडा!"

सरदार-दरकदारांच्या शहरातल्या घराला फ्रेंच 'ओतेल' म्हणतात. या रस्त्याला असे वाडे ओळीने आहेत. एकात शेतीखातं, एकात इटलीचा दूतावास, एकात शिल्पकार रोदँचं संग्रहालय. सत्तावन्न नंबरच्या वाड्यात फ्रान्सच्या पंतप्रधानांची कचेरी. रस्त्यावरून दिसतो तो नुसता दरवाजा आणि पहारा. पुण्यातल्या जुन्या वाड्यांसारखंच. दिंडीतून आत गेल्याशिवाय वैभवाचा पत्ता लागत नाही.

दोन तासांनी आमचा नंबर लागला. आधी चौक, मग वाडा, मागे बाग. झाँ कूर्तोन या वास्तुकाराने 1722 मध्ये काम सुरू केलं. चौकाकडून पाहिलं तर दर्शनी भाग अगदी मधोमध बसलेला, बागेकडून पाहिलं तरी तसाच. पण हे दोन मध्य एका रेषेत नाहीत. जागाच तशी वेडीवाकडी होती. दालनांतून जाताना आपण बाजूला सरकतो ते लक्षातही येत नाही. मी बागेत जाऊन मागे वळून पाहिलं, तेव्हा कुठे त्या माणसाची हुशारी उमगली.

वाडा बांधायला घेतला तँग्रीच्या राजपुत्राने. खर्च हाताबाहेर गेला आणि 1723 मध्ये त्याने तो अर्धवटच झाक द मातिन्याँ यांना विकला. नाव लागलं ते विकत घेणाऱ्याचं. मातिन्याँ यांच्या सुनेच्या नात्याने मोनाकोचं राजघराणं आलं, क्रांतीनंतर मालक बदलत गेले. 1808 मध्ये तालेराँ हा मुत्सद्दी इथे राहायला आला. त्याच्या पंगतींत जेवणापेक्षा राजकारणच जास्त शिजत असणार!

पण खरी गंमत 1886 ची. राजेपदावर दावा सांगणारे काउंट ऑफ पॅरिस तेव्हा इथे राहत होते. मुलगी आमेली पोर्तुगालच्या युवराजाला दिली, त्यानिमित्त त्यांनी या वाड्यात असा थाटाचा समारंभ केला की प्रजासत्ताकाच्या पोटात गोळा आला. पुढच्याच महिन्यात कायदा झाला आणि राजपदाच्या दावेदारांना देश सोडावा लागला. वाड्याची मालकीण, गालिएराची डचेस, हिने मग वास्तू ऑस्ट्रियाच्या सम्राटाच्या नावे केली. तिथे दूतावास आला. पहिल्या महायुद्धात शत्रूची मालमत्ता म्हणून फ्रान्सने त्यावर टाच आणली. 1935 मध्ये सरकारप्रमुखाचं कार्यालय इथे आलं आणि पुढच्याच वर्षी, जूनमध्ये, तेव्हाचे सरकारप्रमुख लेऑन ब्लुम यांच्या पुढाकाराने मालक आणि कामगार संघटना यांचा करार इथेच झाला. पाठोपाठ चाळीस तासांचा आठवडा आणि दोन आठवड्यांची पगारी रजा देणारे कायदे आले. लग्नाच्या मांडवापायी राजघराणं जिथून देशोधडीला लागलं, तिथेच पन्नास वर्षांनी गिरणीतल्या माणसाला सुट्टी मिळाली. मी स्वतः पगारी रजा टाकूनच आलो होतो. त्या सोनेरी भिंतींना मनोमन नमस्कार केला.

बाग जवळपास तीन हेक्टरची, म्हणजे साडेसात एकर. भर पॅरिसमध्ये! 1978 मध्ये तेव्हाचे पंतप्रधान रेमों बार यांनी इथे मेपलचं झाड लावलं. तेव्हापासून पंतप्रधानांनी झाड लावायची प्रथा पडली. एडिथ क्रेसाँ या फ्रान्सच्या पहिल्या महिला पंतप्रधान. त्यांनी गिंको लावला. त्या खुर्चीत अकरा महिनेही टिकल्या नाहीत. गिंकोची जात मात्र शेकडो वर्षं जगणारी.

सप्टेंबरात पॅरिसला असाल तर पासपोर्ट घेऊन पहाटेच रांगेत उभे राहा. सोनेरी दालनं सगळेच पाहतात. तुम्ही बागेतल्या झाडांपाशी थोडे थांबा. वाड्याला नाव दिलं ते पैसे मोजणाऱ्याने; राज्य करणाऱ्यांच्या वाट्याला एकेक झाड आलं आहे.